रंग मारण्याआधी क्रोम 'घासायचं', की आणखी काय करायचं?

आर्वीकर
आर्वीकडच्या आमच्या पुतण्याची पिकअप आहे. हंगामात कापूस, एरवी जे भाडं मिळेल ते. तिचा क्रोमचा बंपर आणि जाळीवरची पट्टी त्याला घरीच काळी करायची होती. मी कृती लिहून पाठवली: साबणानं धू, थिनरनं तेलकटपणा पूस, '३२० नंबरच्या पेपरनं क्रोम घासून घे', मग अस्तर (प्रायमर), मग काळा. पोरानं इमानदारीनं घासलं. बंपरच्या कडेला क्रोम पार गेलं आणि खालचं पिवळसर निकेल उघडं पडलं. म्हणतो, "काका, तुमीच म्हटलं नं घासून घे? भांडं घासतो तसं घासलं."
त्याचं बरोबर आहे, शब्द माझा चुकला. क्रोमचा तो थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो काढायचा नसतो. त्याची तुकतुकी जाऊन बारीक ओरखडे उठले की अस्तर धरतं, नाहीतर महिनाभरात पोपडे. एवढंच सांगणारं मराठी क्रियापद कोणतं?

काळी माती
'चमक मारणे'. यवतमाळकडे गाड्या रंगवणारे हेच म्हणतात. "पहिले चमक मार, मंग प्रायमर मार." किती घासायचं हेही त्यातच आलं, चमक गेली की थांबायचं.

बोरूबहाद्दर
'मारणे' सगळीकडे कशाला? चमक मारायची, प्रायमर मारायचा, रंगही मारायचा. हे हिंदीचं वळण आहे. आपल्याकडे 'झिलई' हा नेमका शब्द असताना 'झिलई उतरवणे' म्हणा.

काळी माती
झिलई तरी कुठली आपली? अरबी 'जिला'वरून आलेली. कल्हई आणि मुलामाही तिकडचेच. रुळले म्हणून आपले झाले, तसंच 'चमक मारणे' रुळलंय. लोक बोलतात तो शब्द खरा.

आर्वीकर
'उतरवणे'ला माझा वेगळा आक्षेप आहे. क्रोम उतरवणं हे प्लेटिंगवाल्याचं, तेजाबाचं काम. पुतण्यानं ते वाचलं तर तो तेजाबाची बाटली घेऊन येईल. घरी ते मुळीच करू नये.

मोर्शीची लेक
माझ्या आजीकडे यासाठी शब्द होता: टाकवणे. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की ती म्हणे, "दाना घसरून राह्यला, जातं टाकवून घ्या लागते." मग टाकणकर बाई यायची. ओसरीत पोतं अंथरून दोन्ही तळ्या उलट्या ठेवायची आणि छिन्नीनं टक टक करत मधून कडेकडे बारीक खळगे पाडत जायची. पहिलं पीठ कचकच लागायचं म्हणून ते गाईला. दगड कमी करायचा नाही, फक्त त्याला धरायला लावायचं. आर्वीकर, तुम्हाला हेच हवंय ना?

आर्वीकर
अगदी हेच! अंगावर काटा आला. संस्कृत 'टंक' म्हणजे दगड फोडायची छिन्नी, त्यावरून टाकी, टाकवणे. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' मधली टाकी तीच.

दारव्ह्याचा मास्तर
शब्द सुंदर आहे, पण आज चालणार नाही. माझ्या वर्गात ही म्हण शिकवली की मुलांना पाण्याची टाकी दिसते. 'बंपर टाकवून घे' म्हटलं तर पोरगा तो भंगारात टाकून येईल.

मोर्शीची लेक
वापरला नाही तर कसा चालेल? जातं गेलं म्हणून शब्दही घालवायचा का?

बोरूबहाद्दर
इथे मी मोर्शीच्या बाजूनं. शिवाय घासायच्या त्या कागदाला नुसतं 'पेपर' का म्हणता? काचपेपर म्हणा.

काळी माती
काचपेपर लाकडाचा. गाडीला काळा, पाण्यात बुडवून वापरायचा. दुकानात जाऊन 'पाणीपेपर' मागा, तो देईल. काचपेपर मागितला तर सुताराचा हातात पडेल.

दारव्ह्याचा मास्तर
पट्टी तपासली का? हल्ली त्या बहुधा प्लास्टिकच्या असतात, वरून क्रोम. चुंबक चिकटत नसेल तर बंपरसारखा जोर लावू देऊ नका, कडा लगेच उघड्या पडतील.

आर्वीकर
प्लास्टिकचीच निघाली. तो उद्या सकाळी सहाला रंग मारणार. नंतर पत्रा असा तापतो की फवारा टेकायच्या आधीच वाळतो आणि रंग खरखरीत बसतो. "पातळ पातळ तीन कोट दे" एवढं लिहिलंय. क्रियापद अजून कोरंच आहे.

बोरूबहाद्दर
कोट का? 'पुट' लिहा.

मोर्शीची लेक
पुट भस्माला देतात. भिंतीला, दाराला, गाडीला आमच्याकडे 'हात'. तीन हात.

काळी माती
हात म्हणजे ब्रश. फवाऱ्याला हात कसा म्हणणार?

मोर्शीची लेक
फवारणीचाही हातच असतो. कपाशीवर दुसरा हात झाला का, असंच विचारतात आमच्याकडे.