'पिंड' म्हटलं आणि काकू उठून गेल्या: टेम्परामेंटला मराठीत काय म्हणायचं?

माहेर_मांडवी

अडचण खरी आहे आणि शनिवारपर्यंत सुटायला हवी, म्हणून विचारते.

आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात, संध्याकाळी एक मराठी मंडळ भरतं. साठीच्या पुढच्या बायका जास्त, पुरुष चार-पाच, तेही बायकोला सोडायला आलेले. या शनिवारी 'स्वतःला ओळखा' असा काहीतरी कार्यक्रम ठरलाय. भाचीनं तिच्या ऑफिसात भरून घेतात तसला दोन पानी इंग्रजी कागद दिला. आधी तुम्हाला महत्त्वाची वाटणारी मूल्यं निवडा, मग तुमच्या टेम्परामेंटबद्दल प्रश्न, शेवटी बेरीज करून तुमचा पर्सनॅलिटी टाइप. मराठी करायचं काम माझ्या गळ्यात.

टेम्परामेंटला मी 'पिंड' लिहिलं. 'त्याचा पिंडच मास्तरकीचा', 'तिचा पिंड कलावंताचा' असं आपण म्हणतोच की. मथळा केला 'आपला पिंड ओळखा'. कच्ची प्रत मंडळात फिरवली, तर एक काकू कागद खाली ठेवून उठल्याच. "अगं, पितृपक्ष चालू आहे आणि तू मला माझा पिंड ओळखायला सांगतेस? तो कावळा ओळखेल!"

तर शब्द सुचवा. 'स्वभाव' म्हणाल, तर मग पर्सनॅलिटीला काय ठेवू? आणि टाइपला? 'व्यक्तिमत्व प्रकार' वाचलं की मला रजेचा अर्ज आठवतो.

लकडीपूल

स्वभाव. विषय संपला. 'स्वभावाला औषध नाही' या म्हणीत टेम्परामेंट घालून बघा, चपखल बसतं. पर्सनॅलिटीला व्यक्तिमत्व. असले कागद मराठीत आणायचेच कशाला, हा वेगळा प्रश्न.

मुद्राराक्षस

आधी 'व्यक्तिमत्त्व' लिहा. दोन त. महत्त्व, तत्त्व, सत्त्व, तसंच व्यक्तिमत्त्व. वर दोघांनीही एकच त लिहिला आहे, आणि गप्पा मूल्यांच्या.

रावपुरा_टॉवर

दोन त कशासाठी, तेही सांगा की. व्यक्तिमत् अधिक त्व. 'मत्' म्हणजे 'असलेला', जसा बुद्धिमत्तेत आहे. म्हणजे 'व्यक्ती असलेल्याचा भाव'. ज्याच्याकडे व्यक्ती आहे तो कोण? घरमालक? हिंदी आणि गुजराती दोघींनी सरळ 'व्यक्तित्व' केलं. मराठीनंच मध्ये 'मत्' का खुपसला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. शाळेत असताना मी निबंधात 'व्यक्तित्व' लिहिलं म्हणून अर्धा मार्क गेला होता. १९७४ सालचा तो राग अजून आहे.

मुद्राराक्षस

काका, 'व्यक्ती' म्हणजे आधी माणूस नव्हेच. व्यक्त होणं, प्रकट होणं ती व्यक्ती. प्रकटपणा ज्याच्यापाशी आहे तो व्यक्तिमत्. आतलं बाहेर दिसतं ते व्यक्तिमत्त्व. उलट इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'पर्सोना' आहे, म्हणजे नाटकातला मुखवटा. त्यांचा शब्द झाकतो, आपला उघडतो. अर्ध्या मार्काबद्दल मात्र सहानुभूती.

ग्वाल्हेरी_गप्पा

आमच्याकडे लष्करात याला सरळ मिजाज म्हणतात. (लष्कर म्हणजे फौज नव्हे हो, ग्वाल्हेरचा भाग. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तिचं गाव झालं. दर वेळी सांगावं लागतं.)

गंमत बघा. अरबीत मिज़ाज म्हणजे मिश्रण. आणि टेम्परामेंटचं लॅटिन मूळही 'योग्य प्रमाणात मिसळणं' असंच आहे. ग्रीकांच्या वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस. त्यांच्या मिश्रणावर माणूस आनंदी, सुस्त, तापट की उदास ते ठरायचं. तेच वैद्यक अरबांनी उचललं, हकिमांच्या हातून आपल्याकडे आलं. तेव्हा टेम्परामेंट आणि मिजाज शब्दशः भाऊ-भाऊ. इतका नेमका प्रतिशब्द दुसरा मिळायचा नाही.

लकडीपूल

मिळाला तरी वापरता यायचा नाही. मराठीत त्याची मिजास झाली. 'आपली मिजास ओळखा' असा कागद वाटून बघा!

माहेर_मांडवी

हो ना! शिवाय इथे बडोद्यात तिसराच वांधा. गुजरातीत 'मिजाज गुमाव्यो' म्हणजे भडकला. हिंदीत मिजाज म्हणजे मनाची अवस्था, गुजरातीत राग, मराठीत गर्व. माझ्या मंडळातल्या अर्ध्या बायकांच्या सुना गुजराती. कागद घरी नेला की तीन अर्थ निघतील.

वैद्य_नाही_मी

अहो, 'प्रकृती' असताना इकडेतिकडे कशाला जाता? 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण तुमच्या सबंध कागदाचं सार आहे. वातप्रकृती, पित्तप्रकृती, कफप्रकृती हे तर लहान मुलालाही ठाऊक. आणि ज्या परदेशी चाचणीत चार अक्षरांचे सोळा टाइप काढतात, त्यांना सांगा की चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार मोजून दिलेत. सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र इथपासून सुरुवात, आणि तामसात शेवटी पाशव, मात्स्य, वानस्पत्य. आमच्या हापिसात वानस्पत्य भरपूर आहेत. खातात, एका जागी असतात, बाकी काही नाही.

अडगळ

सोळा आणि सोळा जुळले म्हणून लगेच 'आमच्याकडे आधीच होतं' सुरू करू नका. ती चार अक्षरांची चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी रचली, स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या प्रकारविचारावरून. चार जोड्यांतून एकेक बाजू घ्यायची, दोनाचा चौथा घात सोळा. चरकाचे सोळा गुणाकारातून आलेलेच नाहीत. सात अधिक सहा अधिक तीन कुठे आणि दोन दुणे चार दुणे आठ दुणे सोळा कुठे. पुन्हा चरक स्पष्ट वरखाली लावतो, सात्त्विक वर, वानस्पत्य तळाला. मायलेकींचा आग्रह होता की कुठलाच टाइप वाईट नाही. त्या दोघी मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, आणि तोच कागद काही आठवड्यांनी पुन्हा भरला तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात, हेही कार्यक्रमात सांगा.

माहेर_मांडवी

'प्रकृती'चा विचार केला होता. पण 'तुमची प्रकृती कशी आहे?' असं साठीच्या माणसाला कागदावर विचारलं तर तो गुडघ्यापासून सुरुवात करेल. पान पुरायचं नाही.

ग्वाल्हेरी_गप्पा

'तब्येती'चंही तेच झालं. अरबी मुळात ती म्हणजे निसर्ग, स्वभाव. हिंदीत 'रंगीन तबीयत का आदमी' म्हणतात तेव्हा जुना अर्थ जागा असतो. मराठीत 'तबियतीनं गातो' एवढ्यात तो उरला, बाकी सगळी तब्येत डॉक्टरांकडे गेली. प्रकृती संस्कृत, तब्येत अरबी, पण दोघी एकाच रस्त्यानं स्वभावातून निघून दवाखान्यात पोचल्या. हे असं का होत असावं?

अडगळ

मला दुसरंच जाणवतंय. टाइपला मराठीत शब्द नाहीत असं नाही, ढिगानं आहेत. पण माणसाला लावले की सगळ्यांची शिवी होते. नमुना म्हणजे सँपल, 'काय नमुना आहे' म्हणजे बघायलाच नको. तऱ्हा म्हणजे प्रकार, तिच्यापासून तऱ्हेवाईक. 'हा काय प्रकार आहे?' हे तर भांडणाचं पहिलं वाक्य. चीज, असामी, अर्क, सगळ्यांचं तेच. वल्लीसुद्धा माझ्या मते मूळचा वली, म्हणजे साधुपुरुष. पाहा कुठे येऊन पडला. मराठी माणसाला दुसऱ्याचा प्रकार ओळखायला आवडतं, पण तो आवाज खाली आणून. कौतुकानं 'ती अमुक प्रकारची आहे' म्हणायची सोयच नाही.

रावपुरा_टॉवर

'पात्र' राहिलं. 'काय पात्र आहे!' आणि इकडे गुजरातीत 'सारुं पात्र' म्हणजे लग्नाचं चांगलं स्थळ. आमच्या शेजारच्या बेननी माझ्या बहिणीला विचारलं, "तमारो भाई कोई पात्र जुए छे?" बहीण म्हणाली, "तो स्वतःच एक पात्र आहे." हे ४० वर्षांपूर्वीचं. स्थळ तिथेच बारगळलं.

शब्दच पाडायचे तर बडोद्यासारखं गाव नाही, हेही नोंदवतो. सयाजीरावांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी अनेक भाषांतले प्रतिशब्द जमवून 'सयाजीशासन शब्दकल्पतरू' करवला, १९३१ साली तो छापून आला. त्या गावात एका कागदासाठी शब्द मिळत नाही म्हणजे कमाल आहे.

लकडीपूल

कागदाचा एक फोटो मंडळातल्या कुणीतरी पुढे पाठवला, तो माझ्यापर्यंत आला. पाचवा प्रश्न: 'अनोळखी माणसांत तुम्हाला फावतं का?' अहो ताई, अनोळखी माणसांत खिसेकापूंना फावतं!

माहेर_मांडवी

आम्ही असंच बोलतो. 'मला खाली बसायला फावत नाही', 'नव्या घरी फावलं का?' माझी आजी असंच बोलायची, आई बोलते, मी बोलते.

लकडीपूल

ते गुजराती 'फावे' आहे. मराठीत फावणे म्हणजे आयती संधी साधणे. चोराचं फावतं. घरी काय बोलायचं ते बोला, लेखी भाषेत ठिगळं नकोत.

रावपुरा_टॉवर

ठिगळ? तुमच्याकडची मुलं 'मी तिथे कम्फर्टेबल नाही' म्हणतात ते कुठल्या ठाणावरचं कापड? निदान आमचं ठिगळ शेजारच्या घरातलं आहे. आणि हा प्रश्न 'फावतं'शिवाय विचारून दाखवा. 'अनोळखी व्यक्तींच्या सहवासात आपणांस स्वस्थता वाटते काय?' इथेच निम्मी माणसं अस्वस्थ होतील.

लकडीपूल

'मोकळं वाटतं का?'

रावपुरा_टॉवर

…हे बरं आहे. पण फावतं ते फावतं.

मुद्राराक्षस

त्याच फोटोत 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' दिसताहेत. मराठीत माणूस अंतर्मुख होतो, असत नाही. 'ती बातमी ऐकून सगळे अंतर्मुख झाले' म्हणजे विचारात पडले. हा घटकाभराचा प्रसंग आहे, जन्माचा शिक्का नव्हे. कमी बोलणाऱ्याला आपल्याकडे घुमा, भिडस्त, मुखदुर्बळ, माणूसघाणा, आतल्या गाठीचा असे पाच वेगवेगळे शब्द आहेत आणि पाचही माणसं वेगळी आहेत. भिडस्ताला माणसं हवी असतात, माणूसघाण्याला नको असतात. तुमचा कागद दोघांना एकाच खुर्चीत बसवतो. खुद्द युंगलाही लाजाळूपणा अभिप्रेत नव्हता, मनाचा ओढा आत की बाहेर एवढंच त्याला म्हणायचं होतं.

अडगळ

आणि 'मूल्यं'? त्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या आजोबांकडे मूल्यं नव्हती, तत्त्वं होती. एका तत्त्वापायी त्यांनी सख्ख्या भावाशी तीस वर्षं अबोला धरला. तत्त्व कुठलं ते दोघेही विसरले होते, अबोला तेवढा लक्षात होता. आता सांगा, हे मूल्यांच्या रकान्यात घालायचं की स्वभावाच्या? मला तर वाटतं, माणूस स्वभावानं जे करणारच असतो त्याला नंतर मूल्य म्हणतो. कंजूष माणूस 'काटकसर' निवडेल.

वैद्य_नाही_मी

गीतेच्या सतराव्या अध्यायात हे दोन रकाने एकच आहेत. 'यो यच्छ्रद्धः स एव सः'. ज्याची जशी श्रद्धा तसा तो. मूल्य आणि पिंड वेगळे काढताच येत नाहीत. पुढे त्याच अध्यायात आहारावरूनही टाइप आहेत. तिखट, आंबट, खारट, फार गरम आवडतं तो राजस.

रावपुरा_टॉवर

त्या हिशेबानं शेव-उसळ खाणारं आख्खं बडोदं राजस.

ग्वाल्हेरी_गप्पा

आणि शिळं खाणारा तामस! फोडणीच्या भातावर वाढलेल्यांनी काय करायचं?

लकडीपूल

फोडणीचा भात शिळा धरत नाहीत. फोडणी दिली की तो नवा होतो.

मुद्राराक्षस

याला शास्त्राधार?

लकडीपूल

माझी आई.

माहेर_मांडवी

शनिवार झाला, म्हणून कळवते. कागदावर शेवटी 'स्वभाव' लिहिलं, 'फावतं' ठेवलं. मथळ्यात 'व्यक्तिमत्व' एकाच त नं छापलं गेलं, ६० प्रती झेरॉक्स झाल्यावर दिसलं. मुद्राराक्षस, माफ करा.

कार्यक्रमात नेमकं काय होईल ते मात्र धरलं नव्हतं. चष्मे विसरलेले बरेच, म्हणून नवऱ्यानं वाचायचं आणि बायकोनं उत्तर द्यायचं असं सुरू झालं. पाच मिनिटांत नवरे विचारायचे थांबले आणि आपणच भरू लागले. "तुला कुठे अनोळख्यांत फावतं?" "मला फावतं, तुम्ही असलात की फावत नाही." एका जोडप्यानं तर सरळ कागदांची अदलाबदल केली. मूल्यांच्या रकान्यात बहुतेकांनी 'प्रामाणिकपणा' निवडला होता. बायकोनं नवऱ्याचा भरला तिथे 'टापटीप' आणि 'भावांची मर्जी' असं हातानं लिहिलेलं सापडलं.

त्या पिंडवाल्या काकूही आल्या. जुनी कच्ची प्रत पिशवीत जपून ठेवली होती. 'पिंड' वर काट मारून पेनानं लिहिलं होतं: 'आपली खोड ओळखा'. म्हणाल्या, "जित्याची ना, मग हेच लिही."

मुद्राराक्षस

काकूंना नमस्कार. पण 'ती खोड' म्हणजे वाईट सवय. 'ते खोड' घेतलं असतं, झाडाचं, ज्यातून फांद्या फुटतात, तर टेम्परामेंट बरोबर आलं असतं. 'आपलं खोड ओळखा'.

रावपुरा_टॉवर

खोड म्हटलं की मला चंदनाचं सहाणेवर उगाळतात तेच आठवतं. ते ओळखायचं म्हणजे झिजवायला लागेल.

वैद्य_नाही_मी

'ती खोड' आणि 'ते खोड' एकाच मुळातून आलेत का? कुणाकडे व्युत्पत्तिकोश आहे का हाताशी?

ग्वाल्हेरी_गप्पा

माझ्याकडे आहे, पण माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत काढतो.