डोकी मोजून रस्ता द्यायचा, पण कुठल्या महिन्यातली डोकी?

आडवाट:
रत्नागिरी जिल्ह्यातली आमची वाडी. 38 घरं, त्यांतल्या 17 घरांना कुलूप. डांबर साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) अलीकडे संपतं, पुढे दोन किलोमीटर पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. आमचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बसत नाही म्हणतात. अट अशी: सपाटीवर 500 लोकसंख्येची वस्ती, डोंगराळ राज्यं, आदिवासी आणि वाळवंटी भागांत 250. योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झाला, तरी डोकी 2011 च्या जनगणनेचीच. ती मोजली फेब्रुवारीत. फेब्रुवारीत कोकणातल्या वाडीत असतं कोण? गणपतीत येऊन मोजा की! माणसं गेली म्हणून रस्ता नाही, रस्ता नाही म्हणून उरलेली जातायत. ही अटच काढून टाकावी असं माझं मत.

हिशेबी:
म्हणजे गणपतीच्या सात दिवसांसाठी बारमाही रस्ता? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. सिंधुदुर्गही घटला. त्या दहा वर्षांत कोकणात रस्ते कमी झाले का? वाढलेच. रस्ता पोचलेल्या गावांतूनही माणसं गेली, आणि सामान डोक्यावर न घेता गेली एवढंच. पैसा मोजका असेल तर आधी 500 वस्तीला द्यावा, यात अन्याय कसला?

शाळेतली बाई:
हिशेबी, तुमचाच आकडा पुढे नेते. 2011 मध्ये या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. म्हणजे मागे उरलंय कोण ते बघा. बाया, म्हातारी माणसं, पोरं. ज्यांना दुचाकी चालवता येत नाही नेमके तेच. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते ना? माझ्या वर्गातली एक मुलगी आषाढ-श्रावणात आठवड्यातून तीनच दिवस येते. साकवावरून पाणी गेलं की तिची शाळा बंद.

माजी वाहक:
मी 26 वर्षं तिकिटं फाडली. संध्याकाळच्या वस्तीच्या (रात्री गावात मुक्काम करणाऱ्या) गाडीला शेवटच्या चार थांब्यांना मी आणि ड्रायव्हर, दोघंच. सकाळी सातला तीच गाडी उभ्याने भरून यायची. कागदावर दोन्हींची सरासरी, भारमान (गाडी किती भरते ते) कमी, फेरी बंद. संध्याकाळी सोडायची गाडी नाही म्हटल्यावर सकाळचे लोकही वडापकडे, म्हणजे खासगी जीपकडे वळले. तेव्हा डोकी मोजू नका, येणं-जाणं मोजा. पण 40 माणसांच्या वाडीत मोठी गाडी फिरवा हेही मला पटत नाही. लहान गाडी द्या.

हिशेबी:
बाईंचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय साकव उंच करणं हा आहे, अख्खा रस्ता नव्हे. दुसरं, 500 मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. शेजारच्या वाडीशी जमवून घेतलंत का कधी? आणि तिसरं, जे कोणी बोलत नाही. या योजनेत जमिनीला पैसे मिळत नाहीत, ती गावाने द्यायची. तुमच्या पाखाडीलगतच्या सातबाऱ्यावर नावं किती?

आडवाट:
23. त्यातली 14 मुंबई, विरार, डोंबिवलीला. एक चुलतभाऊ म्हणतो आधी वाटण्या करा, मग संमती. शेजारच्या वाडीशी आमचं मानपानावरून जुनं आहे, ते इथे नको. हो, हा दोष आमचाच. पण हिशेबी, साकवाचं काय घेऊन बसलात? पलीकडून आजीला डोलीतून आणताना चार खांदेकरी लागतात, आणि वाडीत साठीच्या आतले पुरुष सध्या सहा आहेत. सही करणारे मुंबईत, खांदा देणारे इथे.

हिशेबी:
मग गणपतीला सगळे आले की कागद पुढे करा.

माजी वाहक:
गणपतीत नको. भजन संपलं की वाटण्यांचा विषय निघतो. शिमग्यात घ्या सह्या, पालखी दारात आल्यावर.