गेटबाहेर थांबलेल्या फळाची घट कुणाच्या खात्यात?

वजनकाटा:
फळप्रक्रियेचा विषय निघाला की चर्चा शीतसाखळीवर जाऊन थांबते. मला वाटतं खरी गळती कारखान्याच्या गेटबाहेरच्या रांगेत होते. तोडलेलं फळही श्वास घेत असतं, आणि तापमान १० अंशांनी चढलं की तो वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. ताडपत्रीखाली माल तापतो, खालच्या थरातली फळं फुटतात, फाळक्यातून रस गळायला लागतो. मग कधीतरी गाडी काट्यावर चढते आणि त्या घटकेचं वजन, त्या घटकेची प्रत धरून हिशेब होतो. रांग लांबली तर कारखान्याचं काही जात नाही, मग ती कमी कशाला होईल? गाडी गेटापाशी रांगेला लागली की लगेच वजन आणि नमुना घ्या. पुढची घट कारखान्याची. तोडणीचं वेळापत्रक आपोआप सुधारेल.

पल्पलाइन:
'आपोआप' वाचून हसू आलं. मी कारखान्यात गर काढायच्या लाइनवरच असतो. लाइनची ताशी क्षमता ठरलेली, आणि गाड्या मात्र संध्याकाळी एकदम, कारण तोडणी सगळ्यांची सकाळीच. वेळा वाटून दिल्या तरी आभाळ भरून आलं की परवाचा नंबर असलेलाही आजच तोडून मोकळा होतो. ती घट आम्ही का सोसायची? शिवाय मालाचा पुरवठा तुटला म्हणून असेप्टिक (निर्जंतुक भरणीची) लाइन थांबली की पुन्हा धुणं, पुन्हा निर्जंतुकीकरण, मगच चालू. चार गाड्या दारात उभ्या हव्यातच.
आणि कुजका माल? सफरचंदाच्या रसात पॅट्युलिनची, म्हणजे सडक्या फळावरच्या बुरशीच्या विषाची, आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. पाश्चरायझेशनने ते विष जात नाही. सडकं फळ पट्ट्यावर निवडूनच काढावं लागतं.

गियर न्यूट्रल:
तळातला माल कुजतो कारण तो सैल भरून आणायला लावता. क्रेटमध्ये भरला तर गाडीत कमी बसतो, आणि रिकामे क्रेट परत न्यायचं भाडं कुणाच्याच हिशेबात नसतं. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, मागितलं की पुढच्या वेळी फोनच येत नाही. (बाकी तज्ज्ञांचं चालू द्या.)

कोरडवाहू:
सगळी फळं एकाच काट्यावर तोलू नका. आंबा तयार पण हिरवाच तोडून आणतात आणि कारखान्याच्या पिकवण खोलीत साधारण १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) इथिलीन या पिकवणाऱ्या वायूवर पिकवतात. तिथे रांगेतल्या दोन तासांपेक्षा एका गाडीत कोवळा आणि तयार माल मिसळणं जास्त नडतं, कारण खोली एकसारखी पिकत नाही. संत्रं, अननस, द्राक्ष यांची गोडी तोडल्यावर वाढत नाही, फक्त उतरते. 'गाडी थंड करा' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की १२-१३ अंशांखाली आंब्याला थंडीचीच इजा होते.

वजनकाटा:
आंब्याचं पटलं. पण पल्पलाइन, चार गाड्या उभ्या हव्यात हा तुमच्या लाइनचा विमा झाला, त्याचा हप्ता बागायतदाराने का भरावा? वेळ मोडून आला त्याची घट त्याची, वेळेवर आला त्याची कारखान्याची, असं लिहून घ्या. आणि नमुना तुमच्या माणसाने काढू नये. कॅलिफोर्नियात प्रक्रियेच्या टोमॅटोची गाडी तिसऱ्या यंत्रणेचे निरीक्षक तपासतात: बुरशी, हिरवी फळं, रंग, विद्राव्य घटक (मुख्यतः साखर). फ्लोरिडात रसाच्या संत्र्यांचा हिशेब तर नुसत्या वजनावर नाही, रसात विरघळलेल्या साखरेसारख्या घनांशावर होतो.

पल्पलाइन:
तिसरा माणूस चालेल. वेळेवर आलेल्याची घटही मालकाच्या गळी उतरवता येईल. अट एकच, नमुना तळापर्यंत नळी घालून काढायचा. वरचा थर सगळेच सजवून आणतात.

अर्धवट:
हे सगळं पूर्ण गाडी भरणाऱ्याचं झालं. आमच्यासारख्या सात-आठ जणांचा माल एका गाडीत येतो. एकाचा कच्चा निघाला की सगळ्यांचा दर पडतो. नळी तळाला गेली तरी तिथे माल कुणाचा होता ते कसं कळणार?

कोरडवाहू:
संकलन केंद्रावरच क्रेटला ज्याची त्याची चिठ्ठी, वजन तिथेच. सैल मालात याला उपाय नाही.

पल्पलाइन:
चिठ्ठ्या तुम्ही लावाल हो. पण एका गाडीमागे आठ नमुने काढायचे तर रांग दुप्पट होईल, आणि ती घट परत माझ्याच नावावर.