मदत हवी आहे: 'हायस्कूल म्युझिकल: सिंग इट!' खेळताना सूर मागून उमटतोय

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी ताई आणि भाची पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला येतायत. त्याआधी हे मार्गी लावायचंय, म्हणून घाईने धागा काढतेय.

२००७ च्या नाताळात बाबांनी आम्हा दोघींना 'वी'वरचा (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं गेम खेळायचं यंत्र) हा गेम आणला होता. डब्यात डिस्क आणि यूएसबी माइक. 'हायस्कूल म्युझिकल'च्या पहिल्या दोन चित्रपटांतली गाणी आहेत त्यात; आपण माइकवर गायचं आणि सूर जुळला की गुण मिळतात. 'ब्रेकिंग फ्री' या गाण्यात ताई नायिका गॅब्रिएला, मी नायक ट्रॉय, ठरलेलंच असायचं. माइक एकच, त्यामुळे आपली ओळ संपली की तो दुसरीच्या हातात कोंबायचा. भाची आता नऊ वर्षांची आहे, गाणं शिकते. ताईने तिला काही सांगितलेलं नाही आणि मला तिच्यासमोर तो चालू करून दाखवायचाय.

माळ्यावरून सगळं काढलं, चालूही झालं. पण जुना डबा टीव्ही केव्हाच देऊन टाकला. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींची जागाच नाही, म्हणून एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लावला. चित्र ठीक, आवाज ठीक, गुण मात्र पडतच नाहीत. मी सूर सोडते आणि मग पडद्यावर माझ्या सुराची रेघ उमटते, तोवर पुढची ओळ आलेली असते. ताईसोबत एकदम गाता यावं म्हणून ऑनलाइन दुसरा माइक मागवला, तो तर गेमला दिसतच नाही.

डिस्क पुसून झाली, पोर्ट बदलून झाले. जुना माइक गेला असेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद – रातराणी
माइक शाबूत आहे. गेलेला असता तर रेघ हललीच नसती. उशीर टीव्ही करतोय. पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आलेला सिग्नल तसाच दाखवायचा. नवा टीव्ही चित्र सुधारण्यासाठी क्षणभर अडवून धरतो, आणि ओठ-आवाज जुळावेत म्हणून आवाजही तेवढाच थांबवतो. तू त्या उशिराच्या आवाजावर गातेस आणि 'वी' तोवर पुढे गेलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोध, चित्र सुधारणारं बाकी सगळं बंद कर. तरी फरक राहिला तर कन्व्हर्टरला हेडफोनचं भोक आहे का बघ. तिथून वायरने स्पीकर जोड आणि टीव्हीचा आवाज बंद ठेव, म्हणजे उशिराचा आवाज ऐकूच येणार नाही. ब्लूटूथ स्पीकर नको, तो स्वतःचा उशीर घालतो. आणि शब्द वाचत न बसता कानाने गा.

प्रतिसाद – चौकटराजा
दुसऱ्या माइकबद्दल: 'वी' म्हणजे संगणक नव्हे, दिसेल तो माइक ओळखेल असं नाही. त्या काळातल्या 'वी'च्या गाण्याच्या गेमसोबत आलेला माइक मिळवा. मागच्या पोर्टमध्ये थेट लावा, मध्ये हब नको, आणि गेम सुरू व्हायच्या आधी लावा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! एक राहिलं. भाचीचा आवाज बारीक आहे, ट्रॉयच्या ओळी तिला खालच्या पडतील. गुण जातील का?

प्रतिसाद – रातराणी
तिला तिच्या सप्तकात गाऊ दे. अशा बऱ्याच गेममध्ये सूर मोजतात, सप्तक धरत नाहीत. शब्दही मोजत नाहीत, त्यामुळे ओळ विसरली तर आकारात गायलं तरी चालून जातं. आणि पहिल्या चित्रपटातला ट्रॉयचा आवाज तरी कुठे त्याचं काम करणाऱ्या एकट्या झॅक एफ्रॉनचा आहे? त्यात ड्रू सीली या गायकाचा आवाज मिसळलेला आहे. एका ट्रॉयला दोन गळे लागले, तिने वरच्या पट्टीत गायलं तर काय बिघडलं!

धागाकर्ती
आत्ता जेवणं उरकून बघितलं. गेम मोड तीन मेनू आत लपला होता. तो लावल्यावर रेघ माझ्या आवाजाबरोबर उमटली, आणि 'ब्रेकिंग फ्री' शेवटपर्यंत गाताना डोळ्यांत पाणी आलं. कन्व्हर्टरला हेडफोनचं भोकही आहे, उद्या स्पीकर लावते.

दुसरा माइक मात्र अजून हवाय. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास कुणाकडे जुना 'वी'चा माइक पडून असेल तर आठवडाभरासाठी उसना द्याल का? मी येऊन घेऊन जाईन. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.