सहावीपासून शाळेच्या बातम्या आणि कार्यक्रमांच्या तारखा घरापर्यंत वेळेवर कशा पोहोचाव्यात?

प्रश्न — भांडुपची पालक

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत सहावीत शिकते. चौथीपर्यंत ती प्राथमिक विभागात होती, तेव्हा वर्गाच्या बाई शाळा सुटताना फाटकापाशी उभ्या असत आणि उद्या काय आणायचे, परवा काय आहे, हे तिथेच तोंडी कळत असे. माध्यमिक विभागात प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आहेत, शाळा सकाळच्या अधिवेशनात भरते, मुले आपापली ये-जा करतात आणि फाटकापाशी कोणी भेटत नाही. वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे, पण त्यात शाळेच्या एका सूचनेमागे पालकांचे तीस-चाळीस संदेश येतात. मी फोर्टमध्ये नोकरी करते. सकाळी सातची गाडी पकडते आणि घरी पोहोचायला रात्रीचे आठ वाजतात, तोवर खरी सूचना कुठे वर सरकून गेली ते शोधावे लागते.

गेल्या आठवड्यात मुलीचे दप्तर धुवायला काढले, तेव्हा तळाशी चार घड्या पडलेली आणि डब्यातले तेल लागलेली एक छापील चिठ्ठी सापडली. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी शुल्कासह वर्गशिक्षकांना भेटावे, असे तीत लिहिले होते आणि शेवटची तारीख तीन दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. मुलीला विज्ञानाची मनापासून आवड आहे. ती रडली नाही, चिठ्ठी हातात धरून एवढेच म्हणाली, ‘आई, ही नववीला परत असते ना? मग मी तेव्हा देईन.’ तिचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मला शाळेशी भांडायचे नाही. सहावी ते आठवीच्या काळात परीक्षा, स्पर्धा, सभा, सहल आणि स्नेहसंमेलन यांची माहिती घरी वेळेवर यावी यासाठी तुमच्याकडे काय पद्धत आहे आणि शाळेकडे नेमके काय मागावे, हे कृपया सांगावे.

उत्तर १ — विज्ञान शिक्षिका, बोरिवली

ताई, मी बावीस वर्षे उच्च प्राथमिक वर्गांना शिकवते आहे, त्यामुळे भिंतीच्या आतल्या बाजूने काय घडते ते सांगते. शाळेतून येणाऱ्या सूचना दोन प्रकारच्या असतात. काही सूचना शिक्षण निरीक्षक कार्यालयाकडून किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून येतात. त्या कधी कधी मुख्याध्यापकांच्या हाती पडतात तेव्हाच मुदतीचे चार-पाच दिवस उरलेले असतात, आणि वर्गशिक्षकांनी त्याच दिवशी चिठ्ठी वाटली तरी ती पालकांना उशिराचीच वाटते. घटक चाचण्या, प्रथम सत्राची परीक्षा, पालक सभा, क्रीडा महोत्सव, सहल आणि स्नेहसंमेलन हे मात्र शाळेने स्वतः ठरवायचे असते, आणि ते जूनमध्येच वार्षिक नियोजनात लिहिलेले असते. हे नियोजन शिक्षक-खोलीच्या भिंतीवर लावलेले असते. त्याची एक प्रत पालकांना मिळावी ही मागणी अगदी रास्त आहे आणि ती पूर्ण करायला शाळेला फक्त झेरॉक्सचा खर्च येतो.

आता या तीन वर्षांत कोणत्या गोष्टींवर आधीपासून लक्ष ठेवायला हवे ते लिहिते, कारण थोरल्या भावंडांच्या वेळची माहिती आता लागू होतेच असे नाही. बालवैज्ञानिक स्पर्धा बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेत आहे. ती फक्त सहावी आणि नववीसाठी असते, म्हणजे तुमच्या मुलीने सांगितले ते बरोबर आहे. आधी लेखी परीक्षा होते, तीत निवडलेल्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि त्यापुढे प्रकल्प व मुलाखत असते. नोंदणी शक्यतो शाळेमार्फत होते, म्हणून तारीख उलटली असली तरी उद्याच विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. शाळेची यादी पुढे गेली नसेल तर एक नाव वाढवता येते. मी स्वतः ते केले आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचे इयत्तांचे गणित मध्यंतरी बदलले. पूर्वी ती चौथी व सातवीला होती, मग ती पाचवी व आठवीला नेण्यात आली आणि अलीकडे शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय केला. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्यामार्फत होते. १५० गुणांचे दोन पेपर असतात, पहिला प्रथम भाषा व गणिताचा आणि दुसरा तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणीचा. तुमची मुलगी पुढच्या वर्षी सातवीत जाईल, तेव्हा शाळेत याबद्दल आताच विचारून ठेवा.

ज्या परीक्षेची माहिती सर्वांत कमी घरांपर्यंत पोहोचते, ती आठवीतली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला आम्ही सगळे एनएमएमएस म्हणतो. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नाही, त्यांच्यासाठी ती आहे, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. तिला बसण्यासाठी सर्वसाधारण प्रवर्गातील मुलांना सातवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. सातवीचे वर्ष सहज घेतलेली किती तरी मुले आठवीत येऊन केवळ या अटीमुळे मागे राहतात, आणि उत्पन्नाचा दाखला काढायला घरच्यांना कामाचे दिवस मोडावे लागतात. म्हणून ही सूचना आठवीत नव्हे, सातवीच्या पहिल्याच पालक सभेत दिली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि मी ते शिक्षक सभेतही मांडत असते.

उत्तर २ — कन्नमवारनगरची आई, पालक-शिक्षक संघ

बाईंनी परीक्षांचे सविस्तर लिहिलेच आहे, तेव्हा मी आमच्या शाळेत काय बदल केला तेवढे सांगते. आमच्याकडेही व्हॉट्सॲप गटाचे हेच झाले होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही पालक मुख्याध्यापकांना भेटलो आणि तीन गोष्टी मागितल्या. सूचनांचा गट वेगळा असावा आणि त्यात फक्त शिक्षकांना लिहिता यावे. गप्पांसाठी पालकांचा वेगळा गट आहेच. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुढच्या महिन्याचे एक पान छापून मुलांच्या हाती द्यावे. आणि ज्या कार्यक्रमाला पालकांनी यायचे आहे त्याची तारीख किमान पंधरा दिवस आधी कळवावी.

तिसऱ्या मागणीसाठी आम्हाला सर्वांत जास्त बोलावे लागले. आमच्या वर्गात घरकाम करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या आणि रिक्षा चालवणाऱ्या पालकांची मुले आहेत. मंगळवारी सकाळी अकराला ओपन हाऊस, म्हणजे पालकांनी शाळेत येऊन शिक्षकांना भेटण्याचा कार्यक्रम, ठेवले आणि सोमवारी कळवले, तर त्यांना एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते किंवा ते येत नाहीत, आणि मग ‘पालकांना मुलांची काळजीच नाही’ असे बोलले जाते. त्या भेटीत घरकाम करणाऱ्या एका आईने उभे राहून सांगितले, ‘मला पंधरा दिवस आधी सांगा, मी चारही घरी सांगून ठेवीन आणि नक्की येईन.’ त्यानंतर चर्चा फार लांबली नाही. ओपन हाऊस आता शनिवारी दोन वेळांत होते आणि वर्ग भरलेले असतात.

पानावर काय असावे याबद्दलही एक अनुभव सांगते. पहिल्या महिन्याचे पान उत्साहाने दोन्ही बाजूंनी भरून गेले होते. त्यात मागच्या महिन्याचा अहवाल, अध्यक्षांचे मनोगत आणि सुविचार होता. कोणी ते वाचले नाही. आता वरच्या भागात फक्त तारीख, वार, वेळ, जागा आणि सोबत काय आणायचे एवढेच असते, खाली शुल्क असल्यास रक्कम व शेवटचा दिवस, आणि सर्वांत खाली मुलांनी लिहिलेली चार-पाच ओळींची बातमी: कबड्डीचा संघ कुठवर पोहोचला, विज्ञान प्रदर्शनात कोणती प्रतिकृती निवडली गेली, परसबागेत काय उगवले. अक्षर मोठे ठेवतो, कारण बऱ्याच घरांत पान वाचणारी व्यक्ती आजी असते. मुलांनी लिहिलेल्या ओळींमुळे ते पान दप्तरातून बाहेर येते, हे मी स्वतः पाहिले आहे; ज्याचे नाव छापले आहे तो ते दाखवल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक सांगते. बालकांच्या शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे २००९ च्या कायद्यात, शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात अशी तरतूद आहे. तुमच्या शाळेत ही समिती किंवा पालक-शिक्षक संघ कसा चालतो, तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण आहे, हे आधी शोधा. एकट्या पालकाच्या तोंडी बोलण्यापेक्षा वर्गातल्या दहा जणांच्या सह्यांचे अर्धे पान लवकर वाचले जाते.

उत्तर ३ — परळचे आजोबा

मी बेस्टमधून निवृत्त झालो आहे आणि नातवाच्या शाळेच्या सभांना सून-मुलाऐवजी बहुधा मीच जातो. वरची दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत. त्यांत घरची बाजू जोडावीशी वाटते. सहावी-सातवीतल्या मुलाला ‘आज शाळेत काय झाले?’ असे विचारले की ‘काही नाही’ हेच उत्तर येते. ते वयच तसे आहे. त्यात लबाडी नसते. म्हणून आमच्याकडे मी विचारणे बंद केले आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्याच्याच हाताने लिहायला लावले. दुधाचा हिशोब त्याच चौकोनांत असल्याने त्या पानाकडे घरातल्या प्रत्येकाची दिवसातून एकदा तरी नजर जातेच. रविवारी रात्री तो दप्तर रिकामे करतो, चिठ्ठ्या मला वाचून दाखवतो आणि तारखा निळ्या पेनाने लिहितो. पैसे किंवा सही लागणार असेल तर लाल पेनाने. पहिले दोन महिने मला आठवण करावी लागली. आता नवी चिठ्ठी आली की तो आपण होऊन पेन शोधतो.

दुसरी गोष्ट पावसाची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी माझी धाकटी मुलगी आठवीत होती. मोबाइल लागत नव्हते. तिच्या वर्गशिक्षिकांनी सगळ्या मुलांच्या घरचे आणि शेजारचे दूरध्वनी क्रमांक जूनमध्येच कागदावर घेऊन ठेवले होते. त्यांतून आमच्या चाळीतल्या खालच्या मजल्यावरचा एक जुना दूरध्वनी लागला आणि ‘मुली शाळेतच आहेत, खिचडी केली आहे, आम्ही रात्रभर थांबतो आहोत’ एवढा निरोप आला. मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी पोहोचलो तेव्हा पत्नीने दारातच तो निरोप सांगितला. त्या कागदाचे मोल मी कधी विसरणार नाही. तेव्हा मासिक पान मागताना, त्यासोबत वर्षातून एकदा असा संपर्काचा कागदही भरून घ्यावा असे सुचवा, आणि त्यात शेजाऱ्यांचा क्रमांक अवश्य असावा. अतिवृष्टीच्या सुट्टीचे म्हणाल तर महापालिकेची अधिकृत घोषणा किंवा शाळेचा स्वतःचा संदेश आल्याशिवाय फोनवर पुढे पाठवलेला कोणताही निरोप खरा मानू नये. मागच्या वर्षीची सुट्टीची सूचना यंदाची म्हणून फिरताना मी पाहिली आहे.

उत्तर ४ — कांदिवलीचे बाबा

आमच्या मुलाच्या शाळेत ॲप आहे, त्यामुळे सूचना लगेच मिळते, हे मान्य केले पाहिजे. मात्र ते एकाच फोनवर चालते आणि सगळे इंग्रजीत असते. मी दौऱ्यावर असलो की घरी आईला काहीच कळत नाही. ॲप असलेल्या शाळेतही छापील पान मागावे, असे माझे मत हा धागा वाचून झाले आहे.

प्रश्नकर्ती — भांडुपची पालक

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे काल अर्ध्या दिवसाची रजा घेऊन विज्ञानाच्या सरांना भेटले. शाळेची यादी अजून गेली नव्हती आणि मुलीचे नाव शेवटच्या ओळीत हाताने लिहून घेतले गेले. एनएमएमएसबद्दल मला काहीच माहीत नव्हते; आमचे उत्पन्न त्या मर्यादेत बसते, म्हणून सातवीच्या गुणांचे आम्ही आतापासूनच मनावर घेतले आहे. वर्गातल्या आठ पालकांशी बोलणे झाले असून अर्ज असा लिहिला आहे: ‘वार्षिक नियोजनाची एक प्रत, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुढील महिन्याचे एक पान, आणि पालकांच्या उपस्थितीच्या कार्यक्रमाची किमान पंधरा दिवस आधी सूचना मिळावी, ही नम्र विनंती. पान छापण्याचा खर्च वर्गातील पालक आनंदाने करतील आणि मजकूर टंकलिखित करून देण्याची जबाबदारी आमच्यापैकी दोघी घेतील.’ आजोबा, संपर्काच्या कागदाची ओळ मी तुमचे उत्तर वाचून शेवटी जोडली. सोमवारी अर्ज देणार आहोत. मुलीने कालनिर्णयवर सोमवारच्या चौकोनात ‘आईचा अर्ज’ असे निळ्या पेनाने लिहून ठेवले आहे.