मदत हवी आहे: अपडेटनंतर दुसरी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहतो. परवा रात्री कॉम्प्युटरला अपडेट लावून झोपलो, सकाळी बघतो तर डी ड्राइव्ह गायब. सी ड्राइव्ह एसएसडीवर आहे, ती व्यवस्थित चालते. गेलेली डिस्क २ टीबीची, साधी फिरणारी. तिच्यात बाबांच्या भजनांची रेकॉर्डिंग आहेत, म्हार्दोळच्या जत्रेतली, आणि बाबा आता नाहीत. अर्धी अजून दुसरीकडे उतरवलेली नव्हती.

बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) डिस्कचं नाव दिसतं. कानाने ऐकलं तर फिरतेय, टक-टक आवाज नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र ‘अननोन, नॉट इनिशियलाइज्ड’ असं येतं. इनिशियलाइज करू का, असं विचारतो, मी ‘कॅन्सल’ केलं. इनिशियलाइज केल्याने पार्टिशनची, म्हणजे डिस्कवरच्या विभागांची, नोंद पुसली जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून कृपया तो उपाय सुचवू नका.

काल कॅबिनेट उघडलं. इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकाला पांढुरका थर धरला होता. केबल बदलली, पोर्टही बदललं. फरक नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अपडेट काढून स्टोरेजचा जुना ड्रायव्हर परत घालावा, की आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डिस्क फक्त वाचून बघावी? आणि पार्टिशन खरंच गेलं असेल, तर टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर) थेट याच डिस्कवर चालवू की आधी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढू? तेवढी मोठी रिकामी डिस्क विकत आणायची माझी तयारी आहे. पणजी-म्हापशाकडे डेटा काढून देणारं कोणी खात्रीचं असेल तर तेही सांगा.