मदत हवी आहे: आयोवाचा बचाव कसा तोलावा?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या आयोवा विद्यापीठाच्या संघाच्या 2023 च्या बचावाची ताकद आणि कच्चे दुवे शोधतोय. नुसत्या दिलेल्या गुणांवर विसंबता येत नाही. मिशिगनने 26-0 हरवलं, पण त्यांचा पहिला टचडाउन (चेंडू विरोधी संघाच्या गोलरेषेपार नेणं) 87 यार्डांच्या पंट रिटर्नमुळे, म्हणजे आयोवाने लाथेने दूर मारलेला चेंडू पकडून उलट धावत नेल्यामुळे, सोपा झाला. त्याचा दोष बचावाला देणं अन्यायाचं आहे!

प्रत्येक खेळीमागे दिलेले यार्ड काढून पाहिले, सामना एकतर्फी होऊन निकाल जवळपास ठरल्यानंतरच्या खेळी वगळून. आयोवाचा बचावपटू कूपर डीजीन नोव्हेंबरमध्ये जखमी झाला, त्यानंतरचे सामने वेगळे केले, पण ते फारच थोडे. माझ्याकडे फक्त खेळीनिहाय नोंदी आहेत, व्हिडिओ किंवा सशुल्क आकडेवारी नाही.

हा संघ बहुतेक झोन खेळतो (बचावपटू ठराविक खेळाडूऐवजी मैदानाचा ठराविक भाग राखतात), छोटे पास मुद्दाम देतो. मग दिलेले यार्ड आखणीचा भाग की खरी कमजोरी, हे या नोंदींवरून कसं ओळखायचं?